विस्तवाची जागल

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटेल, आणि कांहींच्या कपाळाला आंठीही पडेल. चौतीस वर्षें मुलांना इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या शाळामास्तरानें येथें यावें, आणि शिवछत्रपतींच्या किल्ल्यांविषयीं अथवा पेशव्यांच्या मोहिमांविषयीं न बोलतां स्वयंपाकाच्या एका भांड्याविषयीं, त्यांतही त्या भांड्यांत शिजणाऱ्या डुकराच्या मांसाविषयीं बोलावें, हें कोणाला विचित्र वाटलें तर मी त्याला दोष देणार नाहीं. ज्यांना हा पदार्थ वर्ज्य आहे त्यांनीं तो खावा असें सांगावयास मी आलेलों नाहीं. मला त्याचा इतिहास सांगावयाचा आहे; आणि तो इतिहास खाणारांचा थोडा व जागणारांचा फार आहे.

गेल्या वर्षीं मी व माझी पत्नी, अशीं आम्ही उभयतां, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नॉर्थ कॅरोलिना या संस्थानांत राहणाऱ्या आमच्या कन्येकडे दोन महिने राहून आलों. एके दिवशीं सकाळीं सहाच्या सुमारास कन्या स्वयंपाकघरांत आली. तिनें डुकराच्या खांद्याचा सुमारें दोन किलो वजनाचा एक तुकडा घेतला. त्याला मीठ, तिखट, मिरपूड व थोडी तपकिरी साखर चोळली. आपल्या लोणच्याच्या बरणीसारख्या जाड मातीच्या एका लंबगोल भांड्यांत कांद्याच्या चकत्या पसरून त्यांवर तो तुकडा ठेवला. वर अर्धी वाटी शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतला. कांचेचें झांकण घातलें आणि विजेची कळ फिरवली. मग ती व जांवई कामावर निघून गेलीं. ज्वाळा नाहीं, धूर नाहीं, आवाज नाहीं. या भांड्याला तिकडे 'स्लो कुकर' म्हणतात.

घरांत अन्न शिजत आहे आणि त्याच्यापाशीं बसण्याचें कांहीं कारण नाहीं, ही गोष्ट माझ्या पत्नीला पटेना. दुपारपर्यंत तिनें तीन वेळां झांकण उघडून पाहिलें. बाराच्या सुमारास कन्येचा दूरध्वनि आला, तेव्हां तिनें हें आपण होऊन सांगितलें. कन्या म्हणाली, "आई, झांकण उघडूं नकोस. एकदां उघडलें कीं आंतली ऊब जाते, आणि ती भरून यायला वीस-वीस मिनिटें लागतात. तूं आपली स्वस्थ बैस." पत्नीनें फोन खालीं ठेवला आणि मला विचारलें, "स्वस्थ म्हणजे कुठें बसूं?"

त्या वेळीं मी हंसलों. परंतु तो प्रश्न माझ्या मनांतून गेला नाहीं, आणि आजचें हें भाषण त्यांतूनच निघालें आहे.

प्रथम हें पाहूं कीं, असल्या मांसाला इतका वेळ कां लागतो. डुकराचा खांदा हा रात्रंदिवस राबणारा अवयव. जो अवयव राबतो त्यांत चिवट बंधनें फार. त्यांतील मुख्य द्रव्यास शास्त्रज्ञ कोलॅजन म्हणतात. मोठ्या आंचेवर असला तुकडा टाकला तर तो बाहेरून करपतो, आंतून कोरडा पडतो आणि दातांना दाद देत नाहीं. परंतु त्याला मंद ऊब पुष्कळ वेळ मिळाली, म्हणजे सुमारें सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढें हें कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचें जिलेटिन बनूं लागतें. मांस आंतपर्यंत नव्वद ते पंचाण्णव अंशांपर्यंत पोंचलें कीं बंधनें सुटतात आणि दोन कांट्यांनीं ओढतांच सुतासारखे धागे वेगळे होतात. हेंच तें 'पुल्ड पोर्क', म्हणजे ओढून सोडवलेलें मांस. कन्येच्या भांड्यांत या क्रियेला दहा तास लागले. हा वेळ कोणाही बल्लवाला चुकवितां येत नाहीं. मंद विस्तव म्हणजे दीर्घ वेळ. आणि दीर्घ वेळ म्हणजे विस्तवापाशीं कोणीतरी बसून राहणें. विस्तव वाढला तर माल जळतो, विझला तर कच्चा राहतो. आपल्याकडे शेताच्या राखणीसाठीं रात्रीं माळ्यावर बसण्यास 'जागल' म्हणतात. मंद विस्तवालाही तशीच जागल लागते. ती कोणीं केली, एवढाच प्रश्न आज मी इतिहासाला विचारणार आहें.

अमेरिका खंडांत मूळचीं पाळीव डुकरें नव्हतीं. कोलंबसानें आपल्या दुसऱ्या सफरींत, इ. स. १४९३ सालीं, तीं कॅरिबियन बेटांवर नेलीं. पुढें १५३९ सालीं हर्नांडो दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हां त्याच्या सैन्याबरोबर डुकरांचा कळप होता. त्या प्रदेशांतील रानांत डुकरें आपलें पोट आपणच भरीत. त्यांना ना गोठा, ना वैरण. म्हणून दक्षिणेकडील संस्थानांत तेंच लोकांचें मुख्य मांस झालें. तें भाजण्याची रीत मात्र त्या भूमींतलीच होती. कॅरिबियन बेटांवरील टाईनो लोक लांकडांचा माचा बांधून त्यावर मांस व मासे ठेवीत आणि खालीं विस्तव करीत. त्यांच्या बोलींतील शब्द स्पॅनिश लोकांनीं 'बार्बाकोआ' असा उचलला, आणि त्याचाच इंग्रजांनीं 'बार्बेक्यू' केला.

व्हर्जिनिया व कॅरोलिना या वसाहतींत अठराव्या शतकांत बार्बेक्यू हा मोठा सार्वजनिक सोहळा बनला. जमिनींत लांब चर खणावयाचा, त्यांत हिकरी व ओक या झाडांच्या लांकडांचे निखारे पसरावयाचे, आणि वर आडव्या काठ्यांवर अखंड डुकरें ठेवून तीं रात्रभर शिजवावयाचीं, अशी ती पद्धत. १७६९ सालच्या आपल्या रोजनिशींत जॉर्ज वॉशिंग्टन यानें, आपण अलेक्झांड्रिया येथें बार्बेक्यूला गेलों व रात्रभर तेथेंच राहिलों, अशी नोंद केली आहे. रात्रभर! पाहुणे रात्रभर राहिले, हें आपणांस रोजनिशी सांगते. परंतु पाहुणे नाचत असतील, पत्ते खेळत असतील किंवा निजले असतील, त्या वेळीं चरापाशीं कोण होतें, हें ती सांगत नाहीं. वॉशिंग्टन हा स्वतः गुलामांचा धनी होता; आणि त्या सर्व प्रदेशांत चर खणणें, लांकूड तोडणें, निखारे ओढणें व रात्रभर मांस परतणें हें काम प्रायः आफ्रिकेंतून धरून आणलेल्या लोकांकडे व त्यांच्या वंशजांकडे असे.

सुदैवानें त्या जागणारांपैकीं एकाचें बोलणें लिहून ठेवलेलें आहे. १९३६ ते १९३८ या वर्षांत अमेरिकन सरकारच्या 'फेडरल रायटर्स प्रोजेक्ट' या योजनेंतील लेखकांनीं पूर्वीं गुलाम असलेल्या हयात वृद्धांच्या भेटी घेऊन त्यांच्या आठवणी उतरवून घेतल्या. १९३७ सालीं साउथ कॅरोलिनांतील युनियन या गांवीं वेस्ली जोन्स या नांवाच्या म्हाताऱ्याची अशीच भेट झाली. त्याचें वय त्या वेळीं सत्याण्णव वर्षांचें होतें. बार्बेक्यूच्या आदल्या रात्रीं आपण सबंध रात्र जागून मांस शिजवीत असूं, असें त्यानें सांगितलें. लांब काठीच्या टोकाला मऊ चिंधी गुंडाळून ती रसांत बुडवावयाची आणि मांसाला पुसत राहावयाचें. रस निथळून निखाऱ्यांवर पडला कीं त्याची वाफ व धूर मांसाला लागून त्याला चव येते. मग मांस उलटावयाचें आणि पुन्हां पुसावयाचें, असें उजाडेपर्यंत. त्या रसांत शिरका, काळी व तांबडी मिरची, मीठ, लोणी, कांदा, लसूण आणि धणेसुद्धां असत.

श्रोते हो, हें वर्णन वाचून मी पुस्तक मिटून बसलों. सात-आठ दशकें लोटलीं होतीं, पण त्या म्हाताऱ्याला जिन्नस आठवत होते, काठी आठवत होती, धुराचा गुण आठवत होता. इतिहासाच्या पुस्तकांत आम्हीं मुलांना १८६५ सालीं अमेरिकेंतील गुलामगिरी नष्ट झाली हें वाक्य पाठ करावयास लावलें. तें वाक्य खरें आहे. परंतु ज्या हातांनीं हें कौशल्य घडविलें त्या हातांचें नांव पाककृतींच्या जुन्या पुस्तकांत क्वचितच सांपडतें, हेंही खरें आहे.

गुलामगिरी गेली तरी चर राहिला. स्वतंत्र झालेल्या पुष्कळ जाणत्यांनीं हीच कला पोटापाण्याचें साधन केली, आणि पुढें गोऱ्या लोकांनींही ती उचलली. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागांत अखंड डुक्कर शिजवून त्यावर केवळ शिरका व मिरची यांचा रस घालतात; पश्चिमेकडे, लेक्सिंग्टन गांवाच्या बाजूस, फक्त खांदा घेतात आणि रसांत थोडें टोमॅटोचें केचप मिसळतात. यावरून तेथील लोकांत जो वाद चालतो तो आपल्याकडील कोल्हापुरी व मालवणी मसाल्यांच्या वादासारखाच न मिटणारा आहे. एडन या गांवीं १९४७ सालीं निघालेल्या 'स्कायलाइट इन' या खानावळींत अजून लांकडाच्या निखाऱ्यांवरच काम चालतें. म्हणजे तेथें अजूनही कोणीतरी जागतो. फरक इतकाच कीं, आतां तो स्वतःच्या इच्छेनें व मजुरी घेऊन जागतो. तो फरक लहान नव्हे.

आतां मी आपणांस समुद्रापलीकडे, युरोपच्या उत्तरेस नेतों. कारण कन्येच्या त्या मातीच्या भांड्याचा उगम कॅरोलिनांत नसून लिथुएनियांतील व्हिल्ना, आजचें व्हिल्नियस, या नगराच्या परिसरांत आहे. तेथें ज्यू लोकांची मोठी वस्ती होती. ज्यू धर्मांत शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळतात, आणि त्या अवधींत विस्तव पेटविण्यास बंदी आहे. मी जुन्या कुलाबा जिल्ह्याचा, ज्यास १९८१ पासून रायगड म्हणतात. त्यामुळें मला हा नियम परका वाटला नाहीं. आमच्या भागांतील बेने इस्राएल लोक मराठीच बोलत, तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत; म्हणून गांवकरी त्यांना 'शनवारतेली' म्हणत.

विस्तव पेटवावयाचा नाहीं, तर शनिवारीं ऊन अन्न कसें मिळावें? त्यावर व्हिल्नाकडील गरीब घरांनीं तोड काढली होती. मांस, पावटेवर्गी कडधान्य, जव व बटाटे एका मडक्यांत भरून शुक्रवारीं दुपारीं तें गांवच्या भटारखान्यांत नेऊन द्यावयाचें. भट्टी शब्बाथसाठीं बंद झाली तरी तिच्या भिंतींत धग राहते. त्या उरलेल्या धगीवर रात्रभर मडकें शिजत राही. या पदार्थाला 'चोलंट' म्हणतात. येथें विस्तवाची जागल कोणीच करीत नाहीं, हें ध्यानांत घ्या. सर्वांनीं निजावें, विसावा घ्यावा, अशी धर्माचीच आज्ञा. म्हणून जागण्याचें काम विटांवर सोंपविलेलें.

व्हिल्नाकडे लहानपणीं असें मडकें भटारखान्यांत पोंचविणारी एक मुलगी पुढें अमेरिकेंत गेली. तिचा मुलगा अर्व्हिंग नाखुमसोन, जन्म १९०२. त्यानें पत्रद्वारें विद्युत्‌शास्त्राचा अभ्यास करून इंजिनिअरची विद्या संपादन केली, आणि शिकागो येथें राहून नानाविध यंत्रें शोधून काढलीं. आईच्या तोंडून ऐकलेली ती भट्टीची गोष्ट त्याच्या मनांत होती. भट्टीच्या भिंतींचें काम विजेच्या तारांनीं केलें तर? मडक्याभोंवतीं सर्व बाजूंनीं मंद ऊब देणाऱ्या अशा भांड्याच्या पेटंटासाठीं त्यानें १९३६ सालीं अर्ज केला, आणि १९४० च्या जानेवारींत तें पेटंट त्याला मिळालें. १९४५ सालीं त्यानें आडनांव संक्षिप्त करून 'नॅक्सन' केलें, आणि १९५० नंतर त्याचें भांडें 'नॅक्सन बीनरी' या नांवानें विकूं लागलें. बीन म्हणजे घेवडा, पावटा. तें कडधान्य शिजविण्याचें भांडें समजलें जाई, आणि त्याची फारशी वाहवा झाली नाहीं.

१९७० सालीं कॅन्सस सिटी येथील 'रायव्हल' कंपनीनें नॅक्सनचा धंदा विकत घेतला, भांड्याला नवें रूप दिलें, आणि १९७१ सालीं 'क्रॉक-पॉट' या नांवानें तें बाजारांत आणलें. काळ असा होता कीं अमेरिकेंतील लाखों गृहिणी नोकरीसाठीं घराबाहेर पडत होत्या. रांधणारी घरीं नसली तरी रांधणें चालू राहील, असें जाहिरातींत सांगितलें जाई. पहिल्या वर्षीं सुमारें वीस लाख डॉलरांची झालेली विक्री १९७५ पर्यंत नऊ कोटी तीस लाख डॉलरांवर गेली. १९७३ नंतर इंधन महागलें, तेव्हां थोडक्या विजेवर चालणारें हें भांडें लोकांना अधिकच सोईचें वाटलें.

आणि याच भांड्यांत पुढें अमेरिकन घरांनीं डुकराचा खांदा शिजविण्यास आरंभ केला. ज्या धर्मांत डुकराचें मांस निषिद्ध, त्या धर्माच्या विसाव्याच्या नियमांतून भांडें निघालें. आणि ज्या पदार्थासाठीं गुलामांनीं रात्री जागविल्या, तो पदार्थ त्यांत शिजूं लागला. हें कोणी योजून केलें नव्हतें. चराच्या निखाऱ्यांना जी ऊब लागे तीच भट्टीच्या भिंतींना. मांसाला ती कोठून येते हें कळत नाहीं. कळतें तें जागणाराला.

यांत कांहीं गमावलें नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. चरावर मांस शिजविणारा जाणता कन्येच्या भांड्यांतील पदार्थाला बार्बेक्यू म्हणणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. वेस्ली जोन्सनें वर्णिलेला तो निथळणाऱ्या रसाचा धूर विजेच्या भांड्यांत कोठून येणार? तो यावा म्हणून कांहीं लोक बाजारांतून बाटलींत भरलेला धूर आणून चार थेंब घालतात! मीं स्वतः त्या संध्याकाळीं दोन घांस घेतले. मांस मऊ, आंबटगोड व रुचकर होतें. परंतु जांवयानें प्रामाणिकपणें सांगितलें कीं, खरी चव हवी तर निखाऱ्याकडेच गेलें पाहिजे.

राखणीवांचून अन्न शिजावें हा ध्यास केवळ त्याच लोकांना होता असेंही नाहीं. १८६७ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत नॉर्वेच्या योहान सोरेनसेन यानें ऊब राखणारी पेटी मांडली होती. उकळतें भांडें त्या पेटींत ठेवलें कीं आपल्याच उबेवर शिजत राही. आपल्या देशांत कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं 'इकमिक कुकर' काढला. खालीं कोळशाची लहान शेगडी, वर पाण्याची वाफ, आणि तींत एकावर एक डबे. कामावर जातांना लावून जावें आणि परत येऊन जेवावें. तो जिन्नस एकट्या राहणाऱ्या नोकरदार पुरुषांच्या विशेष उपयोगी पडला. घरांत बाई असेल तेथें कुकराची गरज कोणाला भासणार? बाई हाच कुकर.

हें वाक्य माझ्या तोंडून सहज निघून गेलें, पण तें मला पूर्वीं सुचावयास हवें होतें. माझी आई पहांटे चारला उठून चुलींत गोवऱ्या सारी. रात्रीं दुधाचें भांडें निवणाऱ्या विस्तवावर ठेवून साय धरेपर्यंत ती बसून राही. पुढें मी नोकरीस लागलों. चौतीस वर्षें शाळेंतून साडेपांचला घरीं आलों आणि प्रत्येक दिवशीं ऊन अन्न जेवलों. तें ऊन कोणीं राखलें आणि त्यासाठीं कोणाची किती दुपार गेली, हें मीं एकदांही विचारलें नाहीं. वर्गांत मी मुलांना विचारीत असें: अमुक लढाई कोणीं जिंकली? अमुक तह कोणीं केला? तळावर रात्रभर विस्तव कोणीं सांभाळला, असें मीं कधीं विचारलें नाहीं; कारण पुस्तकांत त्याचें उत्तर नव्हतें.

त्या दिवशींची गोष्ट सांगून मी आपली रजा घेतों. तो दूरध्वनि झाल्यावर माझी पत्नी थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराशीं घोंटाळली. मग ती बाहेरच्या खोलींत येऊन खुर्चीवर बसली. हातांत निवडावयास कांहीं नव्हतें, म्हणून तिनें हात पदरांत घेतले. मी वर्तमानपत्र चाळीत होतों. थोड्या वेळानें पाहतों तों तिची मान कलली होती व तिला झोंप लागली होती. भर दुपारीं, घरांत अन्न शिजत असतां, तिला निजलेली मीं आमच्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत प्रथमच पाहिलें.

मी उठून स्वयंपाकघरांत गेलों. कांचेच्या झांकणावर वाफेचे थेंब जमले होते. झांकण उघडण्याचा मोह मलाही झाला. पण मीं तें उघडलें नाहीं.